मागल्या बाजूचे कीर्तन

औंढा नागनाथाच्या देवळात पहिल्यांदाच गेलेला माणूस नंदी शोधतो. शंकराच्या दर्शनाला जाताना आधी नंदीपाशी थांबायचे, त्याच्या शिंगांमधून पिंडीकडे पाहायचे आणि मग आत पाऊल टाकायचे, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली असते. औंढ्याला ती चुकते. तिथे नंदी देवळाच्या पाठीमागे आहे. खालचे काळ्या पाषाणातले यादवकालीन कोरीव काम, वरचा अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जाणारा जीर्णोद्धाराचा भाग, अरुंद पायऱ्या उतरून गाठायचा जमिनीखालचा गाभारा, हे सारे पाहून झाले की परगावचा माणूस नंदीबद्दल विचारतोच. आणि औंढ्यातले कुणीही, फुलवाल्यापासून शाळकरी पोरापर्यंत, देऊळ नामदेवांसाठी फिरले म्हणून नंदी मागे राहिला, असे त्याला सांगते.

गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. माणसे जमली, वाट अडली. एका शिंप्याने देवाच्या दारात एवढी गर्दी जमवावी हे पुजारी मंडळींना रुचले नाही. त्यांनी त्याला तिथून उठवले. नामदेव देवळाला वळसा घालून मागे गेले आणि तिथे त्यांनी कीर्तन पुन्हा सुरू केले. तेव्हा देवळानेच आपले तोंड त्यांच्याकडे वळवले.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपले सगळे लक्ष फिरणाऱ्या देवळाकडे असते. साठी ओलांडल्यावर मला त्याआधीचा भाग मोठा वाटू लागला आहे. दारातून उठवलेला एक माणूस देवळाच्या भिंतीकडेने मागे चालत जातो आहे. फार तर पन्नास-साठ पावले. आपण असतो तर तेवढ्या वेळात मनातल्या मनात चार उत्तरे रचली असती, चार माणसांची नावे कायमची लक्षात ठेवली असती आणि घरी जाऊन महिनाभर तेच उगाळले असते. नामदेव मागे पोचले आणि जिथे थांबले होते तिथून पुढे गाऊ लागले. देऊळ फिरले की नाही, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. देऊळ फिरले नसते तरी कीर्तन पुरे झाले असते, एवढे मला नक्की वाटते.

नामदेवांचे सारे आयुष्य ह्या पन्नास-साठ पावलांच्या आधाराने वाचता येते काय, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

* * *

शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० रोजी नामदेवांचा जन्म झाला, असे परंपरा मानते. गाव नरसी बामणी, कयाधू नदीच्या काठचे. आज त्याला नर्सी नामदेव म्हणतात आणि ते हिंगोली तालुक्यात येते. काही अभ्यासक जन्म पंढरपूरचा मानतात, काही कऱ्हाडजवळच्या नरसिंगपुराकडे बोट दाखवतात. मी ह्या वादात शिरत नाही. नोकरीच्या निमित्ताने ज्याने हिंगोलीच्या बाजारात काही वर्षे भाजी घेतली आहे, त्याचा कल कुठे असणार हे वाचकांनी ओळखून घ्यावे. मी आलो तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. १ मे १९९९ रोजी त्याचा जिल्हा झाला.

सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे चरित्र म्हणजे थोडा इतिहास आणि पुष्कळशी आठवण. नामदेवांच्या बाबतीत तर सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याची रचनाही गाथ्यात मिसळली आहे. अभ्यासकांनी ती वेगळी काढण्यासाठी खूप कष्ट घेतले आहेत, आणि काहींनी उत्तरेतले नामदेव व आपले नामदेव एकच का, अशीही शंका घेतली आहे. मी इथे जे सांगतो आहे ते वारकऱ्यांनी जपलेले चरित्र आहे. ते जपणारी माणसे हिशेबाला कच्ची नव्हती. त्यांनी आपल्या नायकाचे अपमानही पदरात बांधून ठेवले आहेत.

वडील दामाशेटी, आई गोणाई. धंदा शिवणकामाचा. घराणे विठ्ठलभक्त, पंढरीची वारी करणारे; पुढे ते पंढरपुरातच राहिले. एके दिवशी वडील घरी नव्हते म्हणून नैवेद्याचे ताट लहानग्या नामदेवांकडे आले. देव खात असतो, एवढीच त्या पोराची समजूत. ताट पुढे ठेवले, देव खाईना, तेव्हा पोर रडून हटून बसले आणि अखेर देवाला जेवावे लागले. गोष्ट गोड आहे. तिच्यात पुढच्या अडचणीचे बीजही आहे. ज्याच्या हातून देव जेवतो त्याला दुसऱ्या कुणाकडून काही शिकायचे असते, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागतो.

लग्न राजाईशी झाले. नारा, विठा, गोंदा, महादा हे मुलगे, लिंबाई ही मुलगी, बहीण आऊबाई, पुढे सुना. शिवाय गंगाखेडहून लहानपणी आलेली आणि ह्या घरची दळणकांडणे करता करता स्वतःच मोठी कवयित्री झालेली जनाबाई. पंधराएक माणसांचा हा संसार, आणि कर्ता पुरुष दिवसभर देवळात. हे घर आपण लक्षात ठेवू. पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

* * *

ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे भेटली तेव्हा नामदेव विशीत होते. संतांचा मेळा जमला होता, आणि त्या मेळ्यात तेरचे गोरोबाकाका कुंभार होते. सगळ्यांत वयाने मोठे. मुक्ताबाईने त्यांना त्यांच्या थापटण्याविषयी विचारले. ह्याने मडके पक्के की कच्चे ते कळते, असे काकांनी सांगितले, तेव्हा ह्या जमलेल्या मडक्यांचीही परीक्षा होऊन जाऊ द्या, असे त्या मुलीने सुचवले. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. बाकीचे गप्प बसून राहिले. नामदेव मात्र चिडले, उठून बसले, तक्रार करू लागले. काकांनी निकाल दिला की हे मडके कच्चे आहे.

चारचौघांत झालेला असा निकाल माणूस विसरत नाही. बँकेत तीसपस्तीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला हे सांगायला नको. पदोन्नतीच्या यादीत आपले नाव नसते, आपल्या मागून आलेल्याचे असते, आणि दुसऱ्या दिवशी कॅश काउंटरच्या जाळीआडून सगळी शाखा आपल्याकडे पाहते आहे असे वाटते. माझ्यावर ती वेळ आली होती. कुठे, कुणामुळे, हे आता सांगण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत मी एक दोनशेपानी वही घातली होती. कुणी केव्हा काय म्हटले, कोणत्या पत्राला उत्तर आले नाही, कुणाचे गुण माझ्याहून कमी होते, अशा नोंदी मी रोज रात्री तारीखवार करत असे. कर्जाच्या थकबाकीची यादी जशी ठेवतात तशी. थकबाकीच्या यादीचा एक गुण असा की तिच्याकडे नुसते पाहत बसल्याने वसुली होत नाही, व्याज मात्र वाढते.

नामदेवांनीही आधी तेच केले. ते पंढरपुराला परतले आणि विठ्ठलापुढे जाऊन त्यांनी गाऱ्हाणे मांडले. मुक्ताबाईने मुद्दाम केले, काकांनी अपमान केला, तू माझा असताना असे घडले कसे. गाऱ्हाणे ऐकणारा प्रत्यक्ष देव, तेव्हा कैवार घेतला जाईल अशी त्यांची खात्री असणार. देवाने कैवार घेतला नाही. काकांचे म्हणणे खरे आहे, तुला गुरू हवा, असे त्याने सांगितले आणि विसोबा खेचरांकडे जाण्याची खूण दिली. ही भेट औंढ्याला झाली, असे मानतात.

मला ह्या कथेतले सगळ्यांत कठीण वळण हे वाटते. तोवर नामदेवांच्या मनातला प्रश्न होता, मला कच्चे का म्हटले. औंढ्याची वाट धरली तेव्हा तो प्रश्न, पक्के कसे व्हायचे, असा झाला होता. अपमान तेवढाच राहिला, तो करणारी माणसेही तीच राहिली. पण पहिल्या प्रश्नाला दुसऱ्यांच्या मनात शिरून उत्तर शोधावे लागते, आणि तिथे आपल्याला कधीच शिरता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाला चालत जाण्याजोगी वाट असते.

आणि ज्याच्याकडे जायचे तो विसोबा तरी कोण? आळंदीत ज्ञानेश्वर भावंडांना छळणाऱ्यांपैकी एक, पुढे पश्चात्ताप होऊन त्यांचाच शिष्य झालेला. अशा माणसाला गुरू करायचे म्हणजे गिळावे लागणारे पुष्कळ होते. देवळात जाऊन पाहतात तो म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेवांना ते सहन झाले नाही. त्यांनी पाय काढायला सांगितले. मला उठवत नाही, जिथे देव नाही तिथे तूच माझे पाय ठेव, असे विसोबांनी म्हटले. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तिथे पिंड. तिसरीकडे ठेवले, तिथेही पिंड. देव पंढरपुरात आणि देव माझा, अशा दोन्ही समजुती त्या पायांबरोबर हातातून सुटल्या.

देऊळ फिरल्याची गोष्ट आणि ही पायांची गोष्ट एकाच गावची मानली जावी, ह्याचे मला नवल वाटत नाही. ज्याला इथे कळले की पाय कुठेही ठेवले तरी देव आहेच, त्याला त्याच देवळाच्या मागच्या बाजूला जायला संकोच कशाला वाटेल?

* * *

ह्यानंतरची वर्षे ज्ञानेश्वरांच्या संगतीतली. दोघे तीर्थयात्रेला निघाले. मारवाडच्या वाटेवर तहान लागली, विहीर खोल होती. ज्ञानेश्वरांनी योगबळाने आत उतरून पाणी प्यायले, नामदेवांनी वरूनच विठ्ठलाला हाक घातली आणि विहीर भरून वाहिली. योग आणि भक्ती ह्यांचा हा सामना पुढच्या कीर्तनकारांनी रंगवून सांगितला आहे. मला त्यातली साधी गोष्ट आवडते, ती म्हणजे दोघांना एकाच वेळी तहान लागलेली होती.

मग १२९६ हे वर्ष आले. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली आणि यादवांचे वैभव पहिल्यांदा उघडे पडले. त्याच वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. वय अवघे एकवीस. नामदेव तिथे होते. समाधीच्या त्या दिवसांचे वर्णन त्यांच्या नावावरच्या अभंगांत आहे, आणि ज्ञानेश्वरांचे जे चरित्र आपल्याला ठाऊक आहे त्याचा मूळ आधारच नामदेवांची आदि, तीर्थावळी आणि समाधी ही प्रकरणे आहेत. मराठीतल्या चरित्रलेखनाचा हा आरंभकाळ. वर्षभराच्या आत सासवडला सोपानदेव, तापीकाठी मुक्ताबाई आणि त्र्यंबकेश्वराला निवृत्तिनाथ गेले. ज्या मुलीने कच्चे ठरवण्याची परीक्षा सुचवली होती, तीही राहिली नाही.

नामदेव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. पुढे ते चोपन्न वर्षे जगले.

ह्या आकड्यापाशी मी नेहमी थांबतो. देवगिरीचे राज्य १३१८ च्या सुमारास संपले, १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने तिथेच आपली राजधानी आणली. ह्या साऱ्या उलथापालथीत एका माणसाजवळ सांगण्यासारखे एवढे मोठे दुःख होते की जन्मभर तेच सांगत राहिला असता तरी लोकांनी त्याला पुजले असते. ज्ञानदेवांचा सखा, समाधी डोळ्यांनी पाहिलेला, एवढ्या पुण्याईवर मठ चालले असते. नामदेवांनी ते दुःख एकदा पूर्णपणे गायले. कमी केले नाही, लपवले नाही. आणि मग टाळ घेऊन ते निघाले. ज्ञानदेवांनी जे लिहिले ते घराघरात पोचायचे होते, आणि ते कीर्तनातून पोचवणारा माणूस हवा होता. मराठी कीर्तनाची परंपरा आपले मूळ नामदेवांपाशी नेते ते ह्यामुळे.

* * *

आता त्या घराकडे परत येऊ.

ध्येयाने चालणाऱ्या माणसाची चरित्रे लिहिताना आपण एक लबाडी करतो. त्याच्या पाठीमागे कुणी कुणी काय सोसले, ते झाकतो. वारकरी परंपरेने ते झाकले नाही, हे तिचे मोठेपण. गाथ्यात गोणाईची भांडणे आहेत, राजाईची गाऱ्हाणी आहेत. घरात दाणा नाही, पोरे उघडी आहेत, आणि नवरा देवळात नाचतो आहे. आई तर थेट विठ्ठलाशीच भांडते, माझे पोर मला परत दे म्हणून. हे अभंग वाचताना मला नामदेवांपेक्षा राजाईचे म्हणणे अधिक पटते, हे कबूल करायला हवे. तिची अडचण मनाची वळणे बदलून सुटणारी नव्हती. ती दाण्याने सुटणारी होती. उद्दिष्टाकडे डोळे लावून चालणाऱ्याच्या मागे कुणीतरी चुलीकडे डोळे लावून बसलेले असते, आणि बहुधा ती बाई असते. पुढे हे सारे घरच अभंग रचू लागले, राजाई, गोणाई, मुले, सुना, सगळ्यांच्या नावावर रचना आहेत. तो त्या घराचा मोठेपणा. हिशेब त्याने फिटला, असे मी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट चोखोबांची. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजूर गाडले गेले. त्यांत चोखामेळा होते. साल १३३८. ज्या देवाला त्यांनी जन्मभर गायले, त्याच्या देवळात त्यांना पाऊल टाकता आले नव्हते. नामदेव मंगळवेढ्याला गेले, त्यांनी चोखोबांच्या अस्थी शोधून आणल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली.

आत नेता येत नव्हते, तर दारासमोर आणले. औंढ्याला मागच्या बाजूला जाऊन बसणाऱ्या माणसाचाच हा विचार. इथे मात्र देऊळ फिरले नाही. त्या समाधीवरून सहाशे वर्षे लोक आत गेले, आणि चोखोबांची जातभाई माणसे बाहेर उभी राहिली. ते दार उघडायला १९४७ चा मे महिना उजाडावा लागला. साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले तेव्हा. म्हणजे अडचण बाजूला ठेवून आपल्या कामाला लागावे, हे शहाणपण सगळ्या अडचणींना लागू पडत नाही. काही दारे अशी असतात की ती उघडणे हेच कुणाला तरी आपले काम मानावे लागते. नामदेवांनी त्यासाठी जागा आखून ठेवली. काम पुरे करणारा फार उशिरा आला.

* * *

आयुष्याच्या उत्तरार्धात नामदेव उत्तरेला गेले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान ह्या गावी त्यांनी सुमारे वीस वर्षे काढली, असे तिथली आणि आपली परंपरा मानते. नर्सीहून घुमान रस्त्याने दीड हजार किलोमीटरांच्या वर. वाहन म्हणजे पाय. मुलूख परका, भाषा परकी, राज्य सुलतानाचे. ज्याच्या बोलण्यावर त्याचे सगळे आयुष्य उभे होते, अशा माणसाने उतारवयात दुसऱ्या बोलीत बोलायला शिकावे, ही गोष्ट नीट मनात आणून पाहावी. बदली झाली की नव्या गावच्या भाषेच्या नावाने महिनाभर कुरकुरणारे आम्ही.

त्या बोलीत त्यांनी पदे रचली. मधूनमधून मराठी वळण डोकावते, शिंप्याच्या घरचे गज, कातर आणि सुईदोरा तिथेही येतात. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा नामदेवांची ६१ पदे त्यात घेतली. कबीर आणि रविदास त्यांचे नाव आदराने घेतात. गुरू ग्रंथ साहिबापुढे डोके टेकवणारा शीख नर्सीच्या ह्या शिंप्यापुढेही टेकवतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते ह्याच नात्याने.

त्या ६१ पदांत देऊळ फिरल्याची हकीकतही आहे, आणि ती वाचल्यावर मला माझ्याच वरच्या लिहिण्यात थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. नामदेव निमूटपणे मागे गेले, असा माझ्या लिहिण्याचा सूर झाला. पदातले नामदेव तसे नाहीत. त्यांना धरून उठवल्याचे दुःख त्यांत आहे. अशा जातीत मला जन्म का दिला, असे ते देवाला सरळ विचारतात. मग ते आपले कांबळे उचलतात आणि देवळामागे जाऊन बसतात. तक्रार आहे, ती खरी आहे, आणि ती बोलून दाखवलीही आहे. फक्त ती त्यांनी पायात बांधून घेतली नाही. मला हे नामदेव अधिक जवळचे वाटतात. अपमान ज्याला लागतच नाही, त्याच्याकडून आपल्यासारख्यांनी शिकायचे तरी काय?

* * *

एक उद्दिष्ट मात्र नामदेवांनी असे घेतले होते की आमच्या क्षेत्रीय कार्यालयानेही ते मंजूर केले नसते. शंभर कोटी अभंग रचायचे. मी हिशेब करून पाहिला. जन्मल्या दिवसापासून ऐंशी वर्षे अखंड रचले असते तरी रोज ३४,००० हून अधिक अभंग व्हायला हवेत. सगळे घर कामाला लागले, तरी हे होणार नव्हते हे उघड आहे. त्यांच्या नावावर आज दोन-अडीच हजार अभंग मिळतात. मार्चअखेरच्या भाषेत बोलायचे तर उद्दिष्टपूर्ती शून्य टक्के.

पण बँकेची उद्दिष्टे ३१ मार्चला संपतात. हे संपले नाही. तीनशे वर्षांनी देहूच्या एका वाण्याच्या स्वप्नात पांडुरंगाला बरोबर घेऊन नामदेव आले आणि उरलेले काम त्यांनी त्याच्याकडे सोपवले. तुकारामांनी आपल्या कवित्वाचा आरंभ असा सांगितला आहे. दुष्काळात घरची माणसे आणि धंदा गमावलेल्या, दिवाळे निघालेल्या त्या माणसाला नामदेवांनी सांत्वन देऊ केले नाही, काम दिले. आपल्या आवाक्याबाहेरचे उद्दिष्ट घेण्याचा हा एक फायदा असावा. ते आपल्यानंतर कुणालातरी देता येते.

शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशी, ३ जुलै १३५०. पंढरपुरात महाद्वाराच्या पायरीशी नामदेवांनी देह ठेवला, असे आपण मानतो. घुमानचे लोक शेवट आपल्या गावी झाला असे मानतात आणि माघात तिथे मोठा मेळा भरतो. दोन्हीकडे माणसे रांगा लावतात, तेव्हा वादाने कुणाचे नुकसान होत नाही. पंढरपूरच्या पायरीमागची इच्छा अशी सांगतात की आत जाणाऱ्या संतांच्या पायांची धूळ आपल्या अंगावर पडावी. कच्चे मडके म्हटल्याने चिडून उठून बसलेला तरुण ऐंशीव्या वर्षी पायरी होऊन आडवा झाला. समोरच चोखोबांची समाधी आहे.

आषाढीनंतरच्या एकादशीला नर्सीत परतवारी असते. पंढरपूरहून आलेली आणि पंढरपूरला जाऊ न शकलेली माणसे कयाधूकाठी जमतात. अशाच एका परतवारीला मी बँकेच्या कामातून सवड काढून गेलो होतो. येताना औंढ्याला उतरलो, देवळामागे जाऊन नंदीपाशी बराच वेळ बसलो. तिथे मला काही साक्षात्कार झाला, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. त्या रात्री वहीत नोंद करायला बसलो तेव्हा लक्षात आले की त्या दिवशी लिहिण्यासारखा अन्याय काही झालेला नाही. हात मात्र लिहायला सोकावलेला. मी वही उलटी केली आणि मागल्या पानापासून एका कादंबरीचे पहिले वाक्य लिहिले. पदोन्नती पुढे मिळाली, चार वर्षे उशिरा. ती वही अजून माझ्याकडे आहे. पुढून एकोणतीस पाने अन्यायांची आहेत, बाकी सगळी मागून भरलेली.